वाट पाहणारी गाडी

येलदरीला आगगाडी नाही. पूर्णा नदीवरचे मोठे धरण, त्यामागे पसरलेला विस्तीर्ण जलाशय आणि धरणाच्या पायथ्याशी असलेले वीजघर ह्यांमुळे परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील हे गाव दूरवर ओळखले जाते. परंतु रात्रीच्या शांततेत तेथे इंजिनाची शिटी ऐकू येत नाही. येलदरीच्या मनुष्यास नांदेडला किंवा मुंबईला आगगाडीने जावयाचे असेल, तर त्याने प्रथम एस. टी. ने जिंतूर गाठावे आणि तेथून दुसऱ्या एस. टी. ने परभणीचे स्थानक गाठावे. हा प्रवास पन्नास-साठ किलोमीटरांचा होतो. म्हणून आगगाडी वेळेवर आहे की नाही, हा प्रश्न स्थानकाशेजारी राहणाऱ्यापेक्षा येलदरीकराला अधिक महत्त्वाचा वाटतो. गाडी एक तास उशिरा आली, तर परतीच्या वाटेवर त्याची जिंतूरची शेवटची एस. टी. निघून गेलेली असते.

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी आगगाडीचा प्रवास केला असेल. त्या प्रवासात तुम्हांला एक चमत्कारिक अनुभव आलाच असेल. वेगाने धावणारी गाडी मध्येच एखाद्या लहानशा स्थानकात येऊन थांबते. फलाटावर फारसे कोणी उतरत नाही, फारसे कोणी चढत नाही. पाच मिनिटे जातात, दहा जातात, पंधरा जातात. उतारू खिडकीतून डोकावू लागतात. कोणी गाडीला दोष देतो, कोणी स्टेशनमास्तराला. इतक्यात समोरून दुसरी एक गाडी धडधडत येते आणि न थांबता निघून जाते. मग आपल्या गाडीला सिग्नल मिळतो आणि ती हळूहळू चालू लागते.

ही गाडी कोणाची वाट पाहत होती? ती न थांबता पुढे का गेली नाही? ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, म्हणजे रेल्वेची सेवा कशाने सुधारते हे आपोआप ध्यानात येते. सेवा सुधारली म्हणजे इंजिन अधिक वेगाने पळू लागले, असा आपला समज असतो. तो अगदीच चुकीचा नाही. परंतु आगगाडीचा पुष्कळसा वेळ धावण्यात जात नसून थांबण्यात जातो आणि ते थांबणे कमी करणे हेच सुधारणेचे मोठे काम असते. परभणीवरून जाणाऱ्या लोहमार्गाचा इतिहास ह्याची उत्तम साक्ष देतो.

हा मार्ग सन १९०० च्या सुमारास तयार झाला. त्या काळी मराठवाडा हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. मनमाडहून निघून औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, जालना, सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड अशी गावे घेत तो हैदराबाद-सिकंदराबादकडे जात असे. ह्या मार्गाला हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे असे नाव होते. मार्ग आला, बाजारपेठा वाढल्या, जालना, परभणी, नांदेड येथील कापूस आगगाडीने बाहेर जाऊ लागला. पण ह्या मार्गात आरंभापासूनच एक मोठी अडचण होती. त्याचे रूळ एकमेकांपासून एक मीटर अंतरावर होते.

दोन रुळांमधील अंतराला गेज म्हणतात. भारतात पहिले लोहमार्ग बांधले गेले तेव्हा लॉर्ड डलहौसी ह्यांच्या काळात साडेपाच फुटांचे, म्हणजे १,६७६ मिलिमीटरांचे माप ठरविण्यात आले. ह्यालाच ब्रॉड गेज म्हणतात. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास जी पहिली गाडी गेली, ती ह्याच मापाच्या रुळांवरून. पुढे १८७० साली लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना सरकारने असा विचार केला, की इतके रुंद मार्ग सर्वत्र बांधावयाचे तर खर्च फार होईल. जेथे वाहतूक थोडी आहे, तेथे लहान मापाचे मार्ग बांधावेत. म्हणून एक मीटर, म्हणजे १,००० मिलिमीटर हे माप निवडण्यात आले. त्याला मीटर गेज हे नाव पडले. अरुंद मार्गाला जमीन कमी लागते, पूल हलके चालतात, वळणे लहान घेता येतात आणि डबेही हलके असतात. पैसा वाचतो हे खरे. परंतु गाडीचा वेग आणि भार दोन्ही मर्यादित होतात.

ह्याहून मोठी अडचण मनमाडला होती. मुंबईहून नाशिकमार्गे उत्तरेकडे जाणारा मुख्य मार्ग ब्रॉड गेजचा होता आणि परभणीकडून येणारा मार्ग मीटर गेजचा. एका मापाची गाडी दुसऱ्या मापाच्या रुळांवर चालू शकत नाही, कारण चाकांच्या आसाची लांबी रुळांच्या अंतराला जुळवूनच बनविलेली असते. म्हणून परभणीहून मुंबईला निघालेल्या प्रत्येक उताऱ्याला मनमाडला उतरावे लागे. मुलेबाळे, ट्रंका, वळकट्या सांभाळत दुसऱ्या फलाटावर जावयाचे, दुसऱ्या गाडीची वाट पाहावयाची आणि जागा मिळेल तेथे शिरावयाचे, हा त्या प्रवासाचा ठरलेला भाग होता. माल तर बोलूनचालून निर्जीव! तो आपल्या पायांनी गाडी बदलू शकत नाही. एका वाघिणीतील पोती व गाठी हमालांनी उतरवावयाच्या आणि दुसऱ्या वाघिणीत चढवावयाच्या, असे करावे लागे. त्यात वेळ जाई, मजुरी जाई आणि पुष्कळदा मालाची नासाडीही होई. कारखाना कोठे काढावा ह्याचा विचार करणारा उद्योजक अशा ठिकाणी येण्यास कचरतो, हे उघडच आहे.

संस्थानी काळात ह्या मार्गाचे तोंड हैदराबादकडे होते, म्हणून ही अडचण काहीशी झाकली जाई. पुढे काळ पालटला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान निजामाच्या राजवटीतून मुक्त झाले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन मराठवाडा त्या वेळच्या द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. आता मराठवाड्याची राजधानी मुंबई झाली. मंत्रालय तेथे, उच्च न्यायालय तेथे, मोठी रुग्णालये तेथे, मोठी बाजारपेठही तेथेच. राज्य एक झाले. रूळ मात्र दोन मापांचे राहिले. मनमाडचा फलाट ओलांडल्यावाचून राजधानीस जाता येईना.

म्हणून मराठवाड्यातील लोकांनी आपला लोहमार्ग रुंद व्हावा, अशी मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील एक प्रमुख सेनानी गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद ह्यांनी ह्या मागणीचा सतत पाठपुरावा केला. वरवर पाहता ही मागणी अवघ्या ६७६ मिलिमीटरांची, म्हणजे जेमतेम सव्वादोन फुटांची होती. पण तेवढ्या अंतरावर एका प्रदेशाचा व्यापार, शिक्षण आणि रोजगार अडून राहिला होता.

रूळ रुंद करावयाचे म्हणजे एक रूळ उचलून थोडा पलीकडे ठेवावयाचा, इतके ते काम सोपे नसते. रुळांखालचे स्लीपर लांब आणि भक्कम हवेत. त्यांच्याखाली खडीचा थर जाड हवा. गाड्या जड होणार, म्हणून पूल बळकट करावे किंवा नवे बांधावे लागतात. वळणे सैल करावी लागतात. फलाटांची उंची बदलावी लागते. इंजिने व डबे तर सर्वच नवे आणावे लागतात. हे काम चालू असताना त्या भागातील गाड्या बंद ठेवाव्या लागतात आणि लोकांना तेवढे दिवस एस. टी. वर भागवावे लागते. १९९२ च्या एप्रिल महिन्यापासून भारतीय रेल्वेने सर्व देशभर शक्यतो एकच माप असावे, असे मोठे कार्य हाती घेतले. त्याच दशकात मनमाडपासून छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी अशा टप्प्यांनी हा मार्ग रुंद होत गेला. पूर्णेहून हिंगोलीमार्गे अकोल्यास जाणारा मार्ग २००८ साली रुंद झाला. परभणीत बसलेला उतारू आता मनमाडला न उतरता थेट मुंबईस जाऊ लागला. मनमाडच्या फलाटावरची त्याची वाट पाहणी संपली.

मग प्रवासातील सगळे थांबणे संपले काय? नाही. एक वाट पाहणी संपली. दुसरी शिल्लक होती. तिचे कारण समजण्यासाठी आपण आपल्या शेताकडे जाऊ.

शेतांमधून जाणारी पाणंद तुम्ही पाहिली आहे. दोन्ही बाजूंना बांध, काटेरी कुंपण आणि मधून एकच गाडी जाईल एवढी वाट. एका बाजूने कापसाची बैलगाडी येत आहे आणि समोरून रिकामी गाडी येत आहे. दोघे मध्यभागी भेटले, तर एकाला बैल मागे हटवीत न्यावे लागतील. म्हणून शहाणा गाडीवान काय करतो? जेथे पाणंद थोडी रुंद आहे, तेथे आपली गाडी बाजूला घेऊन उभा राहतो. समोरची गाडी निघून गेली, की मग तो पुढे चालतो.

एकेरी लोहमार्गाची स्थिती नेमकी अशीच आहे. दोन स्थानकांच्या मध्ये रुळांची एकच जोडी असते. तिच्यावरून परभणीकडे जाणारी गाडीही जाते आणि जालन्याकडे जाणारी गाडीही जाते. स्थानकात मात्र रुळांच्या दोन-तीन जोड्या असतात. पाणंदीतील रुंद जागेसारखी ती जागा होय. एक गाडी तेथे बाजूच्या मार्गावर उभी राहते, समोरची गाडी दुसऱ्या मार्गावरून निघून जाते आणि मग उभी असलेली गाडी पुढे सुटते. ह्याला रेल्वेत क्रॉसिंग म्हणतात. तुमची गाडी लहानशा स्थानकात ज्याची वाट पाहत होती, ते हेच क्रॉसिंग.

बैलगाडीला मागे हटता येते. शेकडो माणसांना घेऊन धावणाऱ्या आगगाडीला ऐन वेळी थांबणेसुद्धा कठीण. ब्रेक लावल्यानंतरही ती पुष्कळ अंतर पुढे जाते. म्हणून एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊच नयेत, ह्यासाठी पूर्वीपासून मोठी युक्ती योजलेली आहे. जवळजवळच्या दोन स्थानकांत विजेच्या तारेने जोडलेली दोन यंत्रे असत. त्या यंत्रांत पोलादी गोळे ठेवलेले असत. पुढच्या स्टेशनमास्तराने संमती दिली, तरच यंत्रातून एक गोळा बाहेर निघे. तो चामडी पिशवीत घालून, पिशवी एका मोठ्या कड्याला अडकवून इंजिनचालकाला दिली जाई. हा गोळा म्हणजेच टोकन, पुढे जाण्याचा परवाना. ते हाती आल्यावाचून चालकाने गाडी पुढे न्यावयाची नाही, असा कडक नियम होता. पुढच्या स्थानकात पोहोचल्यावर तो गोळा तेथील यंत्रात टाकला, की मगच दोहोंपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा गोळा बाहेर येऊ शके. एका वेळी एकच गोळा बाहेर. म्हणून एका वेळी एकच गाडी त्या मार्गावर. बहुतेक ठिकाणी आता ह्या गोळ्यांची जागा विजेवर चालणाऱ्या नव्या यंत्रणेने घेतली आहे, परंतु तत्त्व तेच आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. लहान स्थानकात खोळंबलेल्या गाडीला कोणाच्या आळसामुळे थांबविलेले नसते. ती थांबली म्हणूनच दोन्ही गाड्यांतील माणसे सुखरूप राहतात. वाट पाहणे हे एकेरी मार्गावर सुरक्षिततेचे मोल आहे. ते मोल देण्याची गरज उरू नये असे वाटत असेल, तर स्टेशनमास्तरावर रागावून भागणार नाही. रुळांची दुसरी जोडी घालावी लागेल.

दुसऱ्या जोडीने किती लाभ होतो, ह्याचा थोडा हिशेब करू. दोन स्थानकांमधील अंतर १० किलोमीटर आहे आणि गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जाते, असे धरा. तिला १० मिनिटे लागतील. ती पोहोचल्याचा निरोप, पुढच्या गाडीला संमती, सांधे बदलणे, सिग्नल देणे ह्यांसाठी आणखी ५ मिनिटे धरू. म्हणजे एका गाडीमागे १५ मिनिटे. एका तासात त्या मार्गावरून दोन्ही दिशांच्या मिळून ४ च गाड्या जाऊ शकतील. दुहेरी मार्ग झाला, म्हणजे जाणाऱ्या गाड्यांना एक मार्ग आणि येणाऱ्यांना दुसरा. मग प्रत्येक दिशेला ४, म्हणजे एकूण ८ गाड्या जातील. मार्गात मध्ये अधिक सिग्नल बसविले, तर ही संख्या आणखी वाढेल.

आता दुसरा हिशेब पाहा. एका गाडीला १२० किलोमीटर जावयाचे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने तिला २ तास लागतील. तिचा वेग ताशी ८० किलोमीटर केला, तर दीड तास लागेल. म्हणजे ३० मिनिटे वाचली. पण हीच गाडी वाटेत तीन ठिकाणी क्रॉसिंगसाठी १५-१५ मिनिटे थांबत असेल, तर ती थांबणी नाहीशी केल्याने ४५ मिनिटे वाचतात आणि वेग आहे तेवढाच राहतो. वेग वाढविण्यापेक्षा थांबणे कमी केल्याने अधिक वेळ वाचला, हे तुम्हांला दिसेल.

एकेरी मार्गाचा आणखी एक दोष आहे. तेथे उशीर हा सर्दीसारखा एकाचा दुसऱ्याला लागतो. समोरून येणारी गाडी अर्धा तास उशिरा आली, तर तिची वाट पाहणारी गाडीही उशिरा सुटते. मग पुढच्या स्थानकात हिची वाट पाहणारी तिसरी गाडी खोळंबते. सकाळी एका गाडीला झालेला उशीर सायंकाळपर्यंत अनेक गाड्यांत पसरतो.

आणि वाट पाहावयाची कोणी, हेही ठरलेले असते. लांब पल्ल्याची जलद गाडी आणि सर्व स्थानकांवर थांबणारी पॅसेंजर समोरासमोर आल्या, तर बहुधा पॅसेंजर बाजूला उभी केली जाते. मागून येणाऱ्या जलद गाडीलाही तीच वाट देते. जलद गाडीत दूरचे प्रवासी असतात. त्यांचा खोळंबा होऊ नये, हे योग्यच. परंतु पॅसेंजरमध्ये कोण असते? सेलूहून परभणीला महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी असतो. पूर्णेहून नांदेडला कामास जाणारा कारागीर असतो. मासिक पास काढून रोज जाणारी परिचारिका असते. पेठेत भाजी विकणारी बाई असते. जलद गाडीचा उतारू वर्षातून दोन-चार वेळा प्रवास करतो. हे लोक दररोज दोन वेळा करतात. रोज अर्धा तास खोळंबा झाला, तर वर्षातील तीनशे दिवसांत दीडशे तास होतात. विद्यार्थ्याच्या दृष्टीने दीडशे तास म्हणजे किती अभ्यास, ह्याचा विचार तुम्हीच करा.

म्हणूनच दुहेरी मार्गाचा खरा लाभ ह्या रोजच्या उतारूंना होतो. परभणीपासून पूर्णा, नांदेड ह्या गावांवरून मुदखेडपर्यंतचा सुमारे ८१ किलोमीटरांचा मार्ग २०२० साली दुहेरी झाला. ह्या भागात समोरच्या गाडीसाठी थांबण्याचे कारण उरले नाही. परभणीच्या पश्चिमेस मात्र छत्रपती संभाजीनगरपर्यंतचा १७७ किलोमीटरांचा मार्ग पुढेही एकेरीच राहिला होता. त्याच्या दुहेरीकरणास केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये संमती दिली. नव्या मार्गासाठी भराव घालणे, नद्या-नाल्यांवर पूल उभारणे, स्थानकांतील सांधे व सिग्नल बदलणे ही कामे वर्षानुवर्षांची असतात. संमती हा त्या कामाचा आरंभ होय.

थांबण्यात जाणारा वेळ आणखी एका प्रकारे कमी करता येतो. पॅसेंजर गाडीला प्रत्येक स्थानकात थांबणे भागच असते; ते तर तिचे कामच आहे. पण थांबलेली जड गाडी पुन्हा पूर्ण वेगास यावयाला बराच वेळ घेते. जुन्या पद्धतीत एकच इंजिन सगळे डबे ओढीत असे. त्याऐवजी अनेक डब्यांखाली विजेच्या मोटारी बसविल्या, तर पुष्कळशी चाके स्वतःच जोर लावतात आणि गाडी झटकन वेग घेते. दहा बैलांची गाडी एकाच बैलाने ओढावी आणि दहाही बैल जुंपावेत, ह्यांत जो फरक तोच हा फरक. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ह्या मार्गावर भारतातील पहिली विजेची गाडी धावली, ती अशाच रचनेची होती. थोड्या-थोड्या अंतरावर थांबणाऱ्या मुंबईच्या लोकल गाड्या इतक्या चपळ का असतात, ह्याचे हे एक कारण आहे.

दोन शहरांमधील रोजची ये-जा चांगल्या गाडीने किती सुकर होते, ह्याचे जुने उदाहरण म्हणजे दख्खनची राणी. १ जून १९३० रोजी ही विजेच्या इंजिनाची गाडी मुंबई व पुणे ह्यांच्या दरम्यान सुरू झाली. आरंभी ती आठवड्याच्या अखेरीस धावणारी हौशी लोकांची गाडी होती; पुढे ती रोज धावू लागली आणि पुण्यात राहून मुंबईत नोकरी करणाऱ्यांची सोबतीण झाली. १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली, तेव्हा वाटेतील लहान गावांनाही तशीच सोय लाभली. लोक ह्या गाड्यांवर विसंबून आपले घर, नोकरी, शिक्षण ह्यांची मांडणी करू लागले, हे त्यांच्या वेगाइतकेच महत्त्वाचे आहे. आपली गाडी उद्याही ह्याच वेळेला येईल, असा भरवसा असल्यावाचून कोणी आपले आयुष्य तिच्यावर सोपवीत नाही.

मराठवाड्याच्या मार्गावरही आता विजेच्या तारा आल्या आहेत. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना ते मुंबई अशी वंदे भारत गाडी सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढविण्यात आली. तिच्या निम्म्या आसांना मोटारी जोडलेल्या असतात आणि ती ताशी १६० किलोमीटर वेगाने धावू शकते. नांदेड ते मुंबई हे अंतर सुमारे ६१० किलोमीटर. नांदेडपर्यंत वाढविली तेव्हाच्या वेळापत्रकाप्रमाणे ती हे अंतर सुमारे साडेनऊ तासांत तोडते. ६१० ला साडेनवांनी भागा. उत्तर येईल ताशी सुमारे ६४ किलोमीटर. जी गाडी ताशी १६० धावू शकते, तिचा प्रत्यक्ष सरासरी वेग ६४ च का? कारण वाटेत एकेरी मार्ग आहेत, वळणे आहेत, कसारा घाट आहे, ठरलेली स्थानके आहेत आणि मुंबईजवळ गाड्यांची प्रचंड दाटी आहे. गाडी कितीही उत्तम असो, ती आपल्या मार्गाहून अधिक वेगवान होऊ शकत नाही.

आता पुन्हा येलदरीच्या मनुष्याचा विचार करू. त्याच्या गावात रूळ नसले, तरी ह्या साऱ्या सुधारणांशी त्याचा संबंध आहे. प्रवास ही एक साखळी असते. येलदरी ते जिंतूर ही पहिली कडी, जिंतूर ते परभणी ही दुसरी आणि परभणीहून पुढे आगगाडी ही तिसरी. एक कडी निसटली, की साखळी तुटते. आगगाडी वेळेवर येऊ लागली, म्हणजे एस. टी. ची वेळ तिच्याशी जुळविता येते. दिवसातून गाड्या वाढल्या, म्हणजे एक चुकली तरी दुसरी मिळते. मग परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा नांदेडच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाला सुटीच्या दिवशी घरी येऊन परत जाण्याचे धाडस होते. आजाऱ्याला नांदेडच्या रुग्णालयात दाखवून त्याच दिवशी परत आणता येते. रूळ दूर असले, तरी त्यांवरील शिस्त गावापर्यंत पोहोचते.

चांगली रेल्वेसेवा कशी ओळखावी, हे ह्यावरून तुम्हांला सांगता येईल. ती वारंवार असावी, वेळेवर असावी, दुसऱ्या वाहनांशी जुळणारी असावी आणि लहान गावांच्या उतारूंना विसरणारी नसावी. वेग ह्या गुणांच्या मागोमाग येतो. एका मापाचे रूळ, रुळांची दुसरी जोडी, विजेची तार, चांगले सिग्नल ह्या गोष्टी प्रवाशाला खिडकीतून फारशा जाणवत नाहीत. रंगीत, चकचकीत डबा मात्र लगेच दिसतो. म्हणून सुधारणेची पारख करताना डब्याच्या रंगाकडे पाहू नये, घड्याळाकडे पाहावे.

पुढच्या वेळी आगगाडीने जाल तेव्हा एक वही जवळ ठेवा. गाडी कोणकोणत्या स्थानकात थांबली, किती मिनिटे थांबली, तेवढ्या वेळात समोरून किंवा मागून कोणती गाडी गेली आणि बाहेर रुळांची एकच जोडी होती की दोन, हे त्या वहीत लिहा. घरी आल्यावर बेरीज करा. प्रवासाच्या एकूण वेळातून थांबण्याचा वेळ वजा करा आणि गाडी प्रत्यक्षात किती वेळ धावली ते काढा. तुमच्या वहीतील तो लहानसा आकडा पाहिलात, म्हणजे दुसऱ्या रुळासाठी भर उन्हात खडी पसरणाऱ्या माणसांच्या श्रमाची किंमत तुम्हांला कळेल.